उपाशीपोटी घेऊ नये

मंजू दिवाळीनंतरच्या आठवड्यात आली. जळगावला दिलेली, एकोणीस वर्षांची, कडेवर सहा महिन्यांची मुलगी. माहेरी, धुळ्याच्या पाचव्या गल्लीत, चार दिवस राहायला आली होती आणि त्यातली एक दुपार काढून पांझरेच्या पुलावरून देवपूरला माझ्या आताच्या घरी आली. मुलीला तिने माझ्या खाटेवर निजवलं. चहा प्यायली. मग म्हणाली, "मास्तरीणबाई, माझी आई नेमकी कशाने गेली?"

"घरात काय सांगतात?"

"घरात फोटो दाखवतात."

तो फोटो मला माहीत आहे. त्यांच्या दुकानात गादीच्या मागच्या भिंतीवर आहे. चंदनाचा हार घातलेला, आणि खाली सोनेरी अक्षरांत 'तपस्विनी'. फोटोतला चेहरा गोल गरगरीत आहे. तिच्या आईचा, लाडकुंवरचा, चेहरा तसा नव्हता. तो तिच्या शेवटच्या दीड वर्षातला चेहरा आहे, आणि तिचा दुसरा फोटोच नाही.

"मी आठ वर्षांची होते," मंजू म्हणाली. "मला तिचा हात आठवतो. खांद्यापासून नुसता लोंबायचा. ते खरं आहे, की मी मनाने रचलंय?"

"खरं आहे," मी म्हटलं. "बाकीचं डायऱ्या बघून सांगते."

डायऱ्या बघण्याची मला गरज नव्हती. पण मला वेळ हवा होता.

माझे वडील भुसावळला रेल्वेत होते. त्यांनी मला नवव्या वर्षी नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये घातलं. तिथल्या सिस्टर रोज संध्याकाळी प्रार्थनेआधी आमच्याकडून तीन ओळी लिहून घ्यायच्या. आज काय पाहिलं, आज काय केलं, आज काय करायचं राहिलं. ती सवय मला आजवर सुटली नाही. लाडकुंवरबद्दल मी जे सांगते आहे, ते त्या ओळींतलं आहे.

माझे यजमान १९६१ साली वारले. त्यानंतर मी धुळ्याच्या पाचव्या गल्लीत झुंबरलालजींच्या घराच्या माडीवरच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या आणि मुलींना इंग्रजी शिकवू लागले. खाली त्यांचं कुटुंब राहायचं. झुंबरलालजी, त्यांची बायको झमकूबाई, मुलगा माणकचंद, सून लाडकुंवर आणि नात मंजू. आग्रा रोडवर त्यांचं लुगड्यांचं दुकान होतं. घर जैन, मारवाडी, रिवाजाला पक्कं. सूर्य मावळल्यावर चूल पेटायची नाही, आणि सासऱ्याची चाहूल लागली की सुनेचा घुंगट हनुवटीखाली यायचा.

लाडकुंवर पहूरची. चौथीपर्यंत शिकलेली, मराठी घडाघडा वाचायची. तेव्हा अठ्ठावीस वर्षांची असेल. सोनगीरच्या दोन पितळी कळशा, एक डोक्यावर आणि एक कमरेवर, घेऊन ती अंगणातून अशी चालायची की पाणी हिंदकळत नसे. दुपारी माझ्याकडे वर यायची. माझ्या जिन्याला सतरा पायऱ्या होत्या, त्या ती दोन-दोन घेत चढायची आणि दारातूनच म्हणायची, "मास्तरीणबाई, काय छापलंय आज?" मग माझं वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचायची. मंजूची वेणी ती इतकी घट्ट घालायची की पोरीच्या भुवया वर ओढल्या जायच्या. मी म्हणायची, "अगं, तिला डोळे मिटता येत नसतील." ती म्हणायची, "मिटायचे कशाला? शाळेत जातेय ना?"

१८ जानेवारी १९६५ रोजी सकाळी मंजू हातात लाल रिबन घेऊन माझ्या दारात उभी राहिली. "आई म्हणते वेणी तुम्ही घाला. तिचा हात झोपलाय."

मी हसून घातली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. तिसऱ्या दिवशी मी खाली गेले. लाडकुंवर ओट्याला टेकून उभी होती. म्हणाली, "दुखत नाही फारसं. नुसता वर जात नाही. कोपरापर्यंत माझा आहे, त्यावर कोणाचा आहे कळत नाही."

मार्चमध्ये ती गोष्ट घडली, जिच्यामुळे घर तिच्यावर रुसलं. झुंबरलालजी दुपारी दुकानातून जेवायला आले. दारात खोकले. तो खोकला म्हणजे सुनेला इशारा असे. लाडकुंवर अंगणात डाळ पाखडायचं सूप घेऊन उभी होती. डोक्यावरची ओढणी मागे घसरलेली. तिने सूप खाली ठेवलं, हात उचलू लागली, आणि हात खांद्याशीच अडला. सासरा समोर, सून उघड्या चेहऱ्याने उभी. झुंबरलालजी तसेच मागे वळले आणि उपाशी दुकानात गेले.

मी वरच्या खिडकीतून पाहिलं. झमकूबाईंचा आवाज गल्लीभर गेला. "राणीसाहेबांना घुंगट ओढायला दासी ठेवायची का? पहूरच्या लोकांनी हेच शिकवून पाठवलं?"

धुणं धुणारी धुरपदाबाई दगडावरून उठली. लाडकुंवरचा हात तिने रोज पाहिला होता. "हाऊ माज नही शे व माय," ती म्हणाली, "हाई दुखनं शे. मी तिना हात धरीसन दखा. मरेल कबूतरना पंख शे."

"तू धुणी धू," झमकूबाई म्हणाल्या.

लाडकुंवरने त्यावर तोड काढली. रोज पहाटे धुरपदाबाई तिची ओढणी हनुवटीपर्यंत ओढून दोन टाचण्या लावून द्यायची. दिवसभर घुंगट तसाच. सासरा असो, नसो. बायकांतसुद्धा. घरात समाधान झालं. झमकूबाई शेजारणीला म्हणाल्या, "बोलल्याचा उपयोग झाला. आता घुंगट हलत नाही." आणि त्यामुळे सहा महिने त्या घरात कोणी लाडकुंवरचा चेहरा नीट पाहिला नाही. नवऱ्याने दिव्याच्या उजेडात पाहिला असेल तेवढाच.

माझ्या डायरीत त्या दिवसांत दुसरीच नोंद आहे. ती जिन्याच्या कितव्या पायरीवर थांबते, ती. एप्रिलमध्ये अकराव्या. जूनमध्ये सातव्या. गुडघ्यांवर हात टेकून चढायची, मग तेही जमेना. ऑगस्टमध्ये ती पहिल्या पायरीवर बसायची आणि मी वर्तमानपत्र घेऊन खाली यायची. बसली की उठवायला दोघी लागायच्या. राखीच्या दिवशी सासूच्या पाया पडायला वाकली ती वाकलेलीच राहिली. झमकूबाई वरून म्हणाल्या, "बस, बस, एवढी भक्ती नको." बायका हसल्या. घुंगटाआडून लाडकुंवरही हसली. मग हळूच धुरपदाबाईला म्हणाली, "उचल ना मला."

गल्लीतल्या डॉक्टरांनी वात सांगितला. तेल लावून चोळा म्हणाले. चोळल्यावर तिला रात्रभर ठणका लागायचा. बोटांच्या पेरांवर लाल खवले धरले, त्याला त्यांनी गजकर्णाचं मलम दिलं. झमकूबाईंनी धुण्याचा सोडा बदलला.

ऑक्टोबरच्या ११ तारखेला जिन्यावर बसली असताना तिची एक टाचणी सुटली. ओढणी बाजूला झाली. तिच्या दोन्ही पापण्या सुजलेल्या होत्या आणि त्यांवर जांभळट रंग चढला होता, वांग्याच्या सालीसारखा.

"काजळ पसरलंय का?" मी विचारलं.

"काजळ घालायला हात कुठे जातोय, मास्तरीणबाई?"

"हे कधीपासून?"

"उन्हाळ्यापासून. आरसा उंच आहे आमच्याकडे. मलाही पापड वाळवताना परातीत दिसलं."

त्याच आठवड्यात जैन स्थानकात साध्वींच्या व्याख्यानाला आलेल्या एका बाईने तिच्या बोटांची पेरं पाहिली आणि झमकूबाईंच्या कानात 'महारोग' हा शब्द घातला. मग त्या घरात लाडकुंवरची थाळी वेगळी झाली. तिचं पाणी वेगळं झालं. झुंबरलालजींनी ठरवलं की दिवाळी झाली की सुनेला पहूरला पोहोचवायचं. मंजू इथेच राहील.

त्या दिवशी ती जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसली होती. "पहूरला पाठवा, कुठेही पाठवा," ती म्हणाली. "मरायचं तर पहूर काय, धुळे काय. पण पोरगी माझ्याकडे यायला घाबरेल. तिच्या डोक्याला माझा हात पुन्हा लागणार नाही, एवढंच मला सहन होत नाही. बाकी मी काही मागत नाही."

माझी शाळेतली एक मैत्रीण तेव्हा मुंबईत एका मोठ्या रुग्णालयात कातडीच्या रोगांची डॉक्टर होती. मी रात्री बसून जानेवारीपासूनच्या सगळ्या नोंदी तारखांसह उतरवून तिला पाठवल्या. हात, पायऱ्या, पेरं, पापण्या. आठव्या दिवशी तिचं उत्तर आलं. महारोग नाही असं मला जवळजवळ नक्की वाटतं, पण पाहिल्याशिवाय सांगणार नाही. ताबडतोब घेऊन ये.

मी माणकचंदला बोलावलं. चार वर्षांत तो पहिल्यांदा माझ्याकडे वर आला. सज्जन मुलगा, पण बापासमोर त्याच्या तोंडून शब्द फुटत नसे. पत्र ऐकून तो म्हणाला, "बापूजींना काय सांगू?"

खालून, पहिल्या पायरीवरून, लाडकुंवरचा आवाज आला. "सांगा, मुंबईला माल आणायला चाललोय. एक ठाण परतही करायचं आहे. फाटकं निघालं."

माणकचंद हसला आणि हसता हसता त्याने डोळ्यांवर उपरणं धरलं.

आम्ही तिघं नोव्हेंबरमध्ये गेलो. माझ्या मैत्रिणीने लाडकुंवरला खुर्चीवरून हात न टेकता उठायला सांगितलं. तिला उठता आलं नाही. हात वर करायला सांगितले. मग तिची बोटं स्वतःच्या हातात घेऊन ती बराच वेळ पेरांकडे बघत राहिली. वेगळ्या थाळीत जेवणाऱ्या बाईचा हात कोणी असा धरला की काय होतं, ते मी लाडकुंवरच्या चेहऱ्यावर पाहिलं. दंडातून स्नायूचा छोटा तुकडा काढून तपासायला दिला. पोटात, छातीत कुठे गाठ नाही ना तेही पाहिलं, कारण मोठ्या वयात कधी कधी हा रोग अशा गाठीमागून येतो. गाठ नव्हती.

रोगाचं नाव डर्मॅटोमायोसायटिस. मी ते मराठी अक्षरांत लिहून दिलं. लाडकुंवरने दोनदा वाचून पाहिलं. "एवढं लांब? सासूजींना सांगितलं तर त्यांना वाटेल घरात इंग्रज शिरला."

मैत्रिणीने समजावून सांगितलं ते मी तसंच टिपलं. यात कातडी आणि स्नायू दोन्हींना सूज येते. शरीर स्वतःच्याच स्नायूंशी वैर धरतं. खांदे आणि मांड्या आधी जातात, म्हणून हात वर जात नाही आणि बसलेलं माणूस उठत नाही. पापण्यांवरचा तो रंग आणि पेरांवरचे ते खवले ही त्याची खूण. का होतो ते ठाऊक नाही. एकाचा दुसऱ्याला लागत नाही. ऊन याला वाईट. त्यावर लाडकुंवर म्हणाली, "म्हणजे घुंगट औषधी निघाला." रोग वर चढत गेला तर घशाचे स्नायू धरतो, मग घास उतरत नाही.

औषध म्हणजे प्रेडनिसोलोनच्या बारीक पांढऱ्या गोळ्या. सुरुवातीला दिवसाला बारा. माझ्या मैत्रिणीने आधी सकाळी, दुपारी आणि रात्री अशा लिहिल्या. लाडकुंवर म्हणाली, "रात्री आमच्यात पाणीही नसतं." मग रात्रीच्या सकाळी आणि दुपारी वाटून दिल्या. गोळ्यांनी पोट बिघडतं, म्हणून अन्नाबरोबरच घ्यायच्या. निघताना मैत्रिणीने मला बाजूला घेतलं. "हे नीट ध्यानात ठेव. गोळ्या मी कमी करेन, तशाच कमी होतील. एकदम बंद करायच्या नाहीत. हे रसायन शरीर स्वतः बनवत असतं. बाहेरून मिळायला लागलं की ते बनवणं सोडून देतं. अचानक बाहेरचंही काढून घेतलं तर माणूस चार-सहा दिवसांत जातं."

हे सगळं त्या रात्रीच्या डायरीत आहे, अक्षरशः.

धुळ्याला आल्यावर माणकचंद म्हणाला, "मास्तरीणबाई, घरात लावायला एक कागद लिहून द्या. आईलाही वाचता येईल असा." मी पोस्टकार्डाएवढा जाड कागद घेतला आणि टाकाने, सुवाच्य अक्षरात लिहिलं:

हा रोग लागत नाही.
गोळी जेवणाबरोबर घ्यावी. उपाशीपोटी घेऊ नये.
मीठ कमी खावे.
उन्हात तोंड व हात झाकावे.

पाचवी ओळ मी लिहिली नाही. विसरले नव्हते. टाक हातात धरून मी तिचा विचार केला. ज्या घरातून आत्ताच महारोगाची भीती गेली होती, त्या घराच्या भिंतीवर 'जिवाला धोका' असे शब्द लावायचे? झुंबरलालजी पुन्हा पहूरचं काढतील असं मला वाटलं. आणि दुसरं, बरं वाटत असताना कोणी गोळ्या बंद कशाला करील? लाडकुंवरला तोंडी सांगेन, असं मी ठरवलं. सांगितलंही, एकदा. "गोळ्या चुकवू नकोस हं." तेवढंच. का, ते नाही सांगितलं.

गोळ्यांच्या फडताळाच्या दारावर माणकचंदने तो कागद चार टाचण्यांनी लावला. त्याखाली लाडकुंवरने एक कॅलेंडर टांगलं. गोळी घेतली की त्या तारखेच्या घरात ती पेन्सिलीने बारीक फुली करायची.

थाळी पुन्हा एक झाली. लगेच नाही. झमकूबाई महिनाभर तिच्या थाळीवर राख दोनदा फिरवायच्या. एके दिवशी त्यांनी आपल्या ताटातली अर्धी भाकरी मोडून तिला दिली.

लाडकुंवर त्या आजारासोबत राहायला शिकली. पाटाऐवजी तिने धान्याचं अर्धं भरलेलं पोतं घेतलं, त्याच्या उंचीवरून उठता यायचं. मोरीत आधाराला दोर बांधून घेतला. पाणी एकेक घोट, थांबून प्यायची. दुकानात कापड मोजायचा जुना लाकडी गज होता, मीटर आल्यापासून तसाच पडलेला. माणकचंदने त्याच्या टोकाला कंगवा बांधून आणला. त्याने ती स्वतःचे केस विंचरू लागली. म्हणायची, "बायको गजाने मोजणारा एकच व्यापारी आहे धुळ्यात."

१९६६ च्या फेब्रुवारीत चौथी पायरी. एप्रिलमध्ये दहावी. चेहरा मात्र गोल होत चालला. गोळ्यांनी होतो तसा. झमकूबाईंना तो बाळसं वाटला. स्थानकातल्या बायका म्हणायच्या, "लाडकुंवर, तुझा तर लाडूच झाला." ती म्हणायची, "घ्या की एक, पारण्याला."

२२ जून १९६६. त्या दिवशीची माझी नोंद अशी आहे: 'आज ल. ने मंजूची वेणी स्वतः घातली. तीनदा थांबून. वेणी वाकडी, सैल. मंजूने शाळेत रिबनीला कोणाला हात लावू दिला नाही. रात्री वेणी सोडायला तयार नव्हती. तशीच झोपली.' तिसऱ्या ओळीत, काय राहिलं, तिथे काही लिहिलेलं नाही.

त्यापुढे चौदा महिने ती वेणी घालत होती. काही दिवस हात थकायचा, मग मंजू जमिनीवर आणि ती पोत्यावर बसून. मुंबईहून दर दोन महिन्यांनी पत्र यायचं आणि गोळ्या एकेक कमी व्हायच्या. १९६७ च्या ऑगस्टमध्ये तीन उरल्या होत्या.

ऑगस्टच्या शेवटी माझ्या भाचीच्या बाळंतपणासाठी मी जळगावला निघाले. लाडकुंवर सतरा पायऱ्या चढून निरोपाला आली. "लवकर या. पारण्याला तरी या," ती म्हणाली.

झमकूबाई दर वर्षी पर्युषणात अठाई करायच्या, आठ दिवस नुसत्या उकळलेल्या पाण्यावर. मला वाटलं त्यांचंच पारणं. कोणाचं, हे मी विचारलं नाही.

मी ९ सप्टेंबरला, शनिवारी, एस.टी.ने परत आले. संवत्सरीचा, पर्युषणाचा शेवटचा दिवस. गल्लीच्या तोंडाशी मांडवाचं कापड उतरवत होते. मला वाटलं मिरवणूक होऊन गेली. धुरपदाबाई दगडावर बसली होती, धुणं नव्हतं. मला बघून म्हणाली, "तुमी कोठे व्हतात व माय?"

लाडकुंवर आदल्या दिवशी गेली होती.

मुंबईच्या रुग्णालयात असताना तिने मनातल्या मनात नवस बोलला होता की हात डोक्यापर्यंत गेला तर अठाई करीन. कोणाला सांगितलं नव्हतं. दीड वर्ष अंगात ताकद साठवली आणि त्या वर्षी सासूला सांगितलं. झमकूबाईंना भरून आलं. सासू-सुनेने एकत्र स्थानकात जाऊन पच्चक्खाण, म्हणजे उपासाचा संकल्प, घेतलं. झुंबरलालजींनी सुनेच्या पारण्यासाठी गावजेवण सांगितलं. पहूरला माहेरच्यांना पारण्याची ओढणी आणायचा निरोप गेला. ज्या घराने तिला बिनलाजी म्हटलं होतं, त्या घरात ती पहिल्यांदा मान वर करून बसली होती. तीन दिवस ती हसत होती. चौथ्या दिवशी ओकाऱ्या. सगळ्यांना वाटलं उपासाचं पित्त. पाचव्या दिवशी उठता येईना. माणकचंद म्हणाला, सोडून दे. ती म्हणाली, "तीनच राहिले." सहाव्या दिवशी दुपारी शुद्ध गेली. इस्पितळात सलाईन लावलं. सकाळी संपलं.

झमकूबाई ओसरीवर बसल्या होत्या. त्यांनी माझा हात धरला. "मी तिला काय काय बोलले, मास्तरीणबाई. नाटकी म्हटलं, राणी म्हटलं. आणि ती केवढी निघाली बघा. ओकारी झाली तरी सूर्य बुडाल्यावर पाण्याचा थेंब घेतला नाही. असं मरण आमच्यात पुण्यवानाला येतं."

मी आत गेले. फडताळाचं दार उघडलं. बाटलीत गोळ्या होत्या, भरपूर. दारावर माझा कागद. त्याखाली कॅलेंडर. १ तारखेपर्यंत प्रत्येक घरात फुली. २ तारखेपासून ७ पर्यंत फुली नव्हती. तिथे बारीक, नीट अक्षरात, चौथी शिकलेल्या मुलीच्या काळजीपूर्वक अक्षरात, लिहिलं होतं: उपास. उपास. उपास. उपास. उपास. सातव्या तारखेचं अक्षर कोणाचं आहे ते मला आधी कळेना. मग कळलं, ते मंजूचं होतं. आईने तिच्याकडून लिहून घेतलं होतं.

तिने एकही दिवस हयगय केली नव्हती. मी लिहिलं होतं उपाशीपोटी घेऊ नये. तिने घेतली नाही.

मी चार टाचण्या काढल्या आणि तो कागद पदराआड घेतला. का घेतला ते सांगते. मुंबईहून मैत्रिणीचं पत्र येईल, ते माणकचंद वाचेल, कागद बघेल, याची मला भीती वाटली. हे मी त्या दिवशीही डायरीत लिहिलं. पत्र माझ्याच नावाने आलं. तिने लिहिलं होतं की हा रोग तिला आज ना उद्या घशाकडून धरू शकला असता, ते सांगता येत नाही. पण ती गेली ती गोळ्या तुटल्याने. 'मी तुला बजावलं होतं', एवढं एक वाक्य होतं आणि त्याखाली नेहमीसारखी सही.

मी बोलले नाही. आधी स्वतःसाठी. नंतर झमकूबाईंसाठी, असं मी स्वतःला सांगत आले. सुनेचं मरण पुण्याचं होतं, या एका गोष्टीवर ती म्हातारी दहा वर्षं जगली. रोज सकाळी त्या फोटोला हात जोडून मगच पाणी घ्यायची. तिच्या हातून ते काढून घ्यायचा मला अधिकार होता का, मला अजून ठरवता आलेलं नाही. झमकूबाई गेल्या वर्षीच्या आधीच्या वर्षी गेल्या. त्यानंतर माझ्याकडे काही निमित्त उरलं नव्हतं, तरी मी गप्प होते.

मंजू संक्रांतीला पुन्हा आली. मी तिला डायऱ्यांतली पानं वाचून दाखवली, आत्ता लिहिली त्याच क्रमाने. शेवटी कागद तिच्या हातात दिला. चारही कोपऱ्यांत टाचण्यांचा गंज लागला आहे. तिने तो वाचला. मग बराच वेळ मुलीच्या झबल्याची नाडी बांधत, सोडत बसली.

"सात तारखेचं मला आठवतं," ती म्हणाली. "आई म्हणाली, लिही, नीट लिही, मास्तरीणबाई आल्या की बघतील."

मी डायरी मिटली.

"आजीला हे ठाऊक होतं?"

"नाही."

"बरं झालं." मग ती म्हणाली, "पण मला आधी सांगायला हवं होतं. मी इतकी वर्षं समजत होते, आईला माझ्यापेक्षा उपास मोठा वाटला. त्या तीन दिवसांसाठी ती मला टाकून गेली. दर पर्युषणात मला तिचा राग यायचा. लोक फोटोला हात जोडायचे आणि मी मान फिरवायची."

"तिला कोणी सांगितलं असतं, तर तिने दुसऱ्याच दिवशी उपास सोडला असता," मी म्हटलं. "तुझी वेणी टाकून ती कुठेच गेली नसती. माझ्या कागदामुळे गेली."

मंजूने मुलीला खाटेवर ठेवलं. तिने माझ्या टेबलावरचं पेन उचललं, टोपण काढलं, आणि कागदासह माझ्यासमोर ठेवलं.

"राहिलेली ओळ लिहा."

"आता?"

"मला हा कागद न्यायचा आहे. मुलगी मोठी झाली की तिला दाखवीन. पूर्ण दाखवायचा आहे."

माझं अक्षर आता पूर्वीचं राहिलेलं नाही. खाली जागा होतीच, तेव्हाही होती. मी लिहिलं: गोळी एकही दिवस बंद करू नये.

शाई वाळेपर्यंत मंजूने कागदावर फुंकर घातली, घडी न करता तो मुलीच्या दुपट्यात सपाट ठेवला, आणि चार वाजताच्या जळगाव गाडीसाठी निघाली.